नाकावर टिच्चून

वेलबोर्न, इंडियाना
रविवार दुपार

प्रिय ट्वान,

पोर्टलच्या यादीत, कॉलेज बदलू बघणाऱ्या बास्केटबॉलवाल्यांच्या त्या यादीत, तुझं नाव मी घातलं. कोचनी नाही. मी, लॉनी प्रुइटनं. गेल्या वर्षी एक एप्रिलला सकाळी तू अंघोळीला गेलास, लॅपटॉप उघडाच टाकून. मी तुझ्या नावानं ऑफिसातल्या मिस केसलरला ईमेल लिहिला, की मला हे कॉलेज सोडून दुसरीकडे खेळायचंय, नाव यादीत टाका. पाठवला, आणि तुझ्याकडून पुसूनही टाकला. एवढं लिहायला मला एक वर्ष आणि चार कागद लागले. हा पाचवा. आता काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे, मग पुढे वाच. घाई नाही. मी कुठे जात नाही, मला न्यायला कोण येणार?

एप्रिल फूल होतं रे, बाकी काही नाही. माझा हिशेब असा, की केसलरबाई तुला फोन करणार. बुटाचं माप पाठवलं तरी ती तीनदा फोन करून विचारायची, खरंच तेराच का म्हणून. तर ती फोन करणार, तू अंगाला साबण लावून ओरडत बाहेर येणार, आणि मी पलंगावर लोळून हसणार. पण बाईनं त्या दिवशी फोनच केला नाही. का नाही केला ते मला दहा दिवसांपूर्वी कळलं. सांगतो. दुपारपर्यंत तुझा फोन तव्यासारखा तापला होता, कुठल्या कुठल्या कॉलेजांचे कोच, ज्यांचे सामने आपण टीव्हीवर बघायचो ते. मी सांगायला तोंड उघडलंही. पण तू फोनकडे बघत हळूच म्हणालास, "म्हाताऱ्यानं मला खरंच काढलं, लॉनी." माझं तोंड तसंच मिटलं. म्हटलं, हा आता कोचकडे जाईल, ते नाही म्हणतील, मग मी सांगेन. तू दहा मिनिटांत परत आलास आणि भिंतीवरचे फोटो काढायला लागलास. तू विचारलं होतंस, तुम्ही केलंत का, आणि ते नाही म्हणालेच नाहीत. जा पोरा, नीट जागा बघून जा, एवढंच. आणि सामान उतरवायला प्रुइटला घे. तुझा तो भिकारडा फ्रीज मी चार मजले पाठीवर खाली आणला. तेव्हा वाटलं, कोच तुझी काळजी करतायत.

कोचनी काढलं हे तुला खरं का वाटलं तेही मला माहीत आहे. त्याआधी तीन आठवडे, आपण शेवटचा सामना हरून परत येत होतो, तेव्हा बसमध्ये सगळ्यांसमोर ते तुला म्हणाले होते, मन दुसरीकडे असेल तर पायही तिकडेच ने. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू पुढचे दोन तास खिडकीबाहेर बघत होतास, आणि बाहेर नुसतं कापलेलं मक्याचं रान, बघण्यासारखं काही नव्हतं.

खोड्या काय मी पहिल्यांदा केल्या नव्हत्या. कोचच्या शिट्टीतला मणी काढून ठेवला होता, आठवतं? ते गाल फुगवून फुंकतायत, नुसती हवा, आणि आपण सगळे धावतोय ते धावतोय. त्यांनी शिट्टी उलटी करून बघितली, मान वर केली नाही, म्हणाले, प्रुइट, पायऱ्या. कोणी केलं हे विचारलंसुद्धा नाही. जिमच्या सगळ्यात वरच्या रांगेपर्यंत आणि परत, ते थांब म्हणेपर्यंत. आणि ती सामन्यानंतरची पानं. आज माझं काय चुकलं, यावर प्रत्येकानं एक पान. तू दोन ओळी लिहून सुटायचास आणि मी पानभर. माझा एक शब्द कधी बरोबर आला नाही, 'डेफिनिटली', म्हणजे नक्की. इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडे होतं आणि त्याचा होतो 'डिफायंटली', म्हणजे नाकावर टिच्चून. पुढच्या सामन्यात मी नाकावर टिच्चून मागे धावेन. मी तुम्हाला नाकावर टिच्चून वेळेवर दिसेन. कोच आधी शाळेत मास्तर, लाल पेनाशिवाय त्यांना चैन नाही. दर वेळी त्या शब्दाला लाल गोल. आणि तू ते पान हिसकावून, बाकावर उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवायचास. त्या हसण्यासाठी मी दोन-चारदा मुद्दामही चुकवला. पण बऱ्याचदा खराच चुकायचा.

तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. तू विचारलं नसशील. तू गेलास म्हणून आपला उंच सेंटर गेला, पास कोण देणार म्हणाला. तो गेला म्हणून आणखी तिघं. मे महिना येईतो पाच लॉकर उघडे पडले. त्या पितळेच्या नावाच्या पट्ट्या होत्या ना, त्या कोचनी स्वतः काढल्या, आणि शिकून गेलेल्या चौघांच्या जागा धरून नवीन नऊ जण आले त्यांची नावं पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं लिहिली. पितळेच्या करायला टाकू का, असं मी विचारलं. म्हणाले, पट्ट्या येईपर्यंत पोरं जातील. पोरं वाईट नाहीत रे. माझ्या शेजारी एडगर्स बसतो, लाटव्हियाचा, तीन वर्षांतलं तिसरं कॉलेज. त्याची बॅग वर्षभर खोलीच्या मधोमध पडलेली. मी म्हटलं, अरे कपाट आहे. तर म्हणतो, कपाटाची सवय लागते. ओळख करून घेताना कोणी गाव विचारत नाही, आधी कुठे होतास आणि पुढे कुठे, एवढंच. सगळे वेगवेगळ्या कॉलेजांतून शिकून आलेले, त्यामुळे कोच एका चालीचं नाव ओरडले की पाच जण पाच दिशांना. मी पहिल्यांदा हसलो. विसाव्यांदा नाही हसू येत. आम्ही तेवीस सामने हरलो, ट्वान. मलासुद्धा खेळवायला लागले, यावरून काय ते समज.

गावानं खापर कोचवर फोडलं. डॉटीच्या हॉटेलात तुझा फोटो होता ना, काउंटरच्या वर, तो तिनं काढला नाही. त्याच्याखाली कोच जेवायला बसले, पुढ्यात ताटाएवढा टेंडरलॉइन, तो डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा, आणि त्यावर बटणाएवढा पाव, की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काय कोच, आज कोणाला हाकललंत?" ते म्हणायचे, अजून दिवस मावळायचाय, डॉटी. आणि मोहरी मागायचे. मी दोन टेबलं सोडून बसलेला असायचो. मी मान खाली घालून पावाचे तुकडे मोजायचो, आणि खरं सांगायचं राहून जायचं. एक दिवस नाही, सगळा हिवाळा.

आणि डिसेंबरात आम्ही तुझ्याकडे खेळायला आलो. केवढं ते तुमचं जिम, आमचं सगळं गाव त्यात बसून वर जागा उरेल. सामन्याबद्दल बोलत नाही, स्कोअरबोर्ड लाजला असेल. संपल्यावर तू रांगेत आमच्या सगळ्यांशी हात मिळवलास, माझ्या तर डोक्यात टपलीही मारलीस. पुढे कोच होते. त्यांनी हात पुढे केला होता. तू बुटाची नाडी बघत बाजूनं गेलास. नाडी बांधलेली होती, ट्वान, मी बघितलं. त्यांचा हात तसाच थोडा वेळ राहिला, मग त्यांनी त्याच हातानं चष्मा नीट केला. बसमध्ये सगळे झोपल्यावर मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. त्यांनी मागे न बघता मला एवढंच म्हटलं, "त्याचा डावा हात सुधारलाय."

मार्चमध्ये कॉलेजनं त्यांना आता विश्रांती घ्या असं सांगितलं. सव्वीस वर्षं झाली म्हणून एक घड्याळ दिलं. दहा दिवसांपूर्वी मी त्यांची खोली आवरायला गेलो, खोकी भरायला. टेबलाच्या खालच्या खणात माझ्या नावाची जाड फाइल निघाली. चार वर्षांतली माझी सगळी पानं, एक टाकलं नव्हतं. आणि सगळ्यात वर एक छापलेला कागद, जो माझा नव्हता. खाली तुझं नाव होतं. 'मला नाकावर टिच्चून दुसऱ्या कॉलेजात जायचंय.' आणि त्या शब्दाला लाल गोल.

म्हणून फोन आला नव्हता. केसलरबाईनं तो शब्द वाचला, तिला वाटलं पोरगा पेटलाय, फोन केला तर अंगावर येईल. तासाभरात तिनं नाव चढवलं आणि कागद घेऊन कोचकडे पळाली. कोचना तो हातात पडताक्षणी कळलं असणार. म्हणजे तू त्यांच्या दारात गेलास तेव्हा त्यांना माहीत होतं. मला तुझा फ्रीज उचलायला लावला तेव्हाही.

मी कागद हातात धरून तसाच उभा. कोच खोक्याला चिकटपट्टी लावत होते. वर बघितलं, कागद बघितला, आणि म्हणाले, "प्रुइट, पायऱ्या."

मी गेलो. जिम रिकामं, अर्धेच दिवे. ते खालच्या बाकावर येऊन बसले आणि मी धावत राहिलो. किती वेळ ते नाही सांगत, शेवटी रांगत होतो. थांब म्हणाले तेव्हा मी खाली येऊन त्यांच्या पायाशी पडलो, दम नव्हता म्हणून, आणि मग रडायला आलं म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीत तुझ्या आईनं त्यांना फोन केला होता. त्या धुलाईच्या कामात तिची पाठ गेलीये, हे तुला माहीत असेल. तिनं कोचना विचारलं हे माहीत नसेल. माझा मुलगा तुमच्या शब्दाबाहेर नाही, तर तुम्हीच सांगा, तो याहून मोठ्या, खेळायचे पैसे देणाऱ्या ठिकाणी खेळू शकतो का? कोच हो म्हणाले. आणि तुला सांगायचं कबूल केलं. महिनाभर तोंडातून निघेना. बसमध्ये सांगायला गेले, ते असं वाकडं बाहेर पडलं.

मी विचारलं, मग मी केलं हे त्याला सांगितलं का नाही? माझं नाव घ्यायचं होतंत, तो मला बदडून मोकळा झाला असता. कोच म्हणाले, "बदडला असता, हसला असता, आणि राहिला असता. तो राहिला असता, लॉनी, म्हणून नाही सांगितलं." चार वर्षांत पहिल्यांदा मला लॉनी म्हणाले.

मग मी सुटलो का? नाही. मी एक शब्द बोललो असतो तर डॉटीचं तोंड बंद झालं असतं, तू हात मिळवला असतास. मी गप्प बसलो ते माझी कातडी वाचवायला. ते गप्प बसले ते तुझ्यासाठी. दोन्ही गप्पच, पण वजन वेगळं. खरंच दमलोय आता. खोड्या सुचतसुद्धा नाहीत. परवा एडगर्सच्या बुटात कांदा ठेवला आणि त्यानं वास घ्यायच्या आत मीच काढून टाकला.

तर काम असं आहे. येत्या गुरुवारी सामानाचा ट्रक येतोय, कोच बर्डेट आणि मिसेस बर्डेट लेकीकडे ॲरिझोनाला चाललेत, कायमचे. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटलंय. तू बुधवारी ये. पाच तास गाडी चालवायला लागेल, चालव. निमित्त लागत असेल तर आहे: मिसेस बर्डेटचं पर्सिमन फळाच्या पुडिंगचं निळ्या काठाचं भांडं अजून तुझ्याकडेच आहे. बाई खोकी भरताना दोनदा म्हणाल्या, त्या संचातलं एक ट्वानकडे राहिलंय. दार वाजव, भांडं दे, आणि कोचनी हात पुढे केला तर या वेळी नाडी बघू नकोस. त्यांनी पुढे केला नाही तर तू कर. एवढंच. काही बोलायची गरज नाही. त्यांनाही जमत नाही, तुलाही.

नक्की ये. हा शब्द मी एडगर्सकडून तपासून घेतलाय. तरी चुकला असेल तर नाकावर टिच्चून ये, पण ये.

आणि लेका, हे कोणाला सांगू नकोस. डॉटीला नाही, तुझ्या आईला तर नाहीच. आपण विचारलं म्हणून कोच बदनाम झाले हे तिला कळता कामा नये. मी कोचच्या गळ्याची शपथ घेतलीये की तुला यातलं काही कळणार नाही, आणि शपथ घेऊन दहा दिवस होतात न होतात तोवर हे पत्र. त्यांच्यासमोर चेहरा असा ठेव की फक्त भांडं द्यायला आलायस. ते माझी चूक एका अक्षरावरून ओळखतात, तुझ्या तोंडावरून तर लगेच ओळखतील. पाया पडतो तुझ्या, ट्वान, वाचून झालं की हे फाडून टाक, आणि सांगू नकोस, कोण्णाला सांगू नकोस.

तुझाच,
लॉनी