सील नसलेला डबा

३ फेब्रुवारी, मंगळवार
शांताबाई उशिरा आली. स्वयंपाकाला लागायच्या आधी ओट्यावर स्टीलचा डबा ठेवला. आत वाटलेली लाल चटणी. बाभुळगावजवळच्या तांड्यातली, तिच्या लेकीच्या, कविताच्या सासरची. रविवारी ती खाऊन सासू बरळायला लागली, हवेत काहीतरी वेचत होती. दवाखान्यात आहे, वाचली. डॉक्टर धोतरा म्हणतात. नवऱ्याने कविताला माहेरी आणून सोडलं, दोन वर्षांचं पोर ठेवून घेतलं. पोलीस विचारून गेले.
"तुमी जल्मभर विषच तपासलं नं मॅडम. पाहा एकडाव."
नाही म्हटलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शिवाय डब्याला सील नाही. मध्ये कोणी काय घातलं, कोण सांगणार? नोकरीत बिनसीलाचं काही उघडलं नाही. सासूच्या पोटातून काढलेलं पाणी रीतसर लॅबमध्ये गेलंय. अहवाल येईल तेव्हा येईल.
"माही पोरगीबी बिनसीलाचीच हाय. तिले तरी पाहाल का?"
वरण अळणी.

४ फेब्रु.
कविता आईबरोबर आली. चोवीस वर्षांची. म्हणते, फडताळातल्या डब्यात मिरचीचं बी आहे असं वाटलं, चटणीत घातलं. सासूने दम्यासाठी धोतऱ्याचं बी ठेवलेलं. सासू म्हणते, सुनेला सांगितलं होतं. कविता म्हणते, नाही.
दोन्ही बिया दिसायला जवळपास सारख्या. भिंगाखाली वेगळ्या: मिरचीची गुळगुळीत, धोतऱ्याची खडबडीत, कडेला दुहेरी. चुलीपाशी भिंग कुठलं! पण असं सगळेच सांगतात.
दुपारी तांदूळ निवडायला बसली. ताट हातभर लांब धरून, चाळिशी लागल्यासारखी. अंगणात गेली तर डोळ्यांवर आडवा हात. टॉर्च आणला. बाहुल्या मोठ्या, उजेडाने आकसेनात.
"चटणी तू खाल्लीस?"
"नाई."
"कविता."
"पाट्यावरची चाटली जराशीक. तिखट पाह्यलं."
पोलिसांना का नाही सांगितलं, विचारलं. शां.ने कपाळावर हात मारला. "सासूच्या आंधी खाल्ली व माय!"
"याडी, तू गप ऱ्हा," कविता आईला म्हणाली.
म्हणजे विष घातलं हा आळ चालतो, पण हे तांड्यात कळण्यापेक्षा...
डबा फ्रीजमध्ये. उघडला नाही.

५ फेब्रु.
धोतऱ्याचा डोळ्यांतला परिणाम चार-सहा दिवसांत ओसरतो. सकाळीच रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टर पोरसवदा. "मॅडम, तुम्ही तिकडे बसा." बसले नाही. लिहून घेतलं: दोन्ही बाहुल्या विस्फारलेल्या. तारीख, वेळ, सही, शिक्का. डॉक्टरांनी कविताला कारण विचारलं. मी दम दिला. मग सांगितलं, जेमतेम ऐकू येईल असं.
तिथून पोलीस ठाण्यात. हवालदाराने कागद दोनदा वाचला. "सोतावर येऊ नाई म्हनून चाटली असन मॅडम."
शक्य आहे. मीही तेच विचारलं असतं.

७ फेब्रु., शनिवार
कविताच्या बाहुल्या नेहमीसारख्या. ताट जवळ धरते. आता फक्त कागद.
नोकरीत अशा प्रकरणांत मी एक ओळ लिहीत असे: धोतऱ्याचे अंश आढळले. खाली सही. घरातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांत कोणी पाहिलं का, हा माझा विषय नव्हता. सुना किती होत्या त्यांत, आठवत नाही. आठवायला नोंदच नव्हती.

९ फेब्रु., सोमवार
सासू काल घरी आली. आज शां. आणि कविता कागद घेऊन तांड्यात गेल्या. भाकरी मीच केली.
चारला शां.चा फोन. कविताच्या नवऱ्याने कागद सगळ्यांसमोर वाचला. सासू एवढंच म्हणाली, "म्हंजे माह्या आंधी खाल्ली?"
बियांच्या डब्याचं नाव नाही. सांगितलं होतं की नव्हतं, तेही नाही. पोर दाराशी आलं तशी कविताने हात पुढे केले. सासूने त्याला उचलून आत नेलं. दार मात्र लावलं नाही.
"मग?"
"मंग काय जी. बसून आहो अंगनात."
सहाला परत फोन लावला. अजून बसल्या आहेत. दार उघडं आहे म्हणाली.