मंत्र्याने राजीनामा का दिला

फ्रिस्को, १७ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंदीस, सुवर्णामावशीचे आशीर्वाद. वि. वि.

फोन करत नाही. सून शेजारी बसून ऐकते आणि संध्याकाळी माझ्या यतीनला सांगते. म्हणून पत्र.

तुझं रडगाणं वाचलं. पाच वर्षं त्या स्पेनच्या मंत्र्यावर प्रबंध लिहितेस. कोळ्याचं पोर, बंदरावर बर्फ फोडायचा, मासेमारी खात्याचा मंत्री झाला आणि चौदा महिन्यांत खुर्ची सोडली. का, ते कुणाला ठाऊक नाही. आता तो कारबाल्येदा तुझ्याच कॉलेजात सहा महिने शिकवायला आलाय, आणि विचारलं की हवापाण्याचं बोलतो. तुझे सर म्हणतात, कारण शोधलं नाहीस तर पदवी विसर.

अगं, रेकॉर्डर पुढ्यात ठेवल्यावर कोण बोलेल? गावाकडे मी दीड वर्ष सरपंच होते. ग्रामसेवक बोट ठेवेल तिथे सही. एका सहीत शाळेचं मैदान गेलं. मी राजीनामा दिला आणि गुडघे दुखतात म्हणाले. पेपरवाला आला, त्यालाही गुडघेच सांगितले. खरं सांगितलं ते जाऊबाईंना, भाजी निवडताना.

त्याला जेवायला बोलाव. अख्खा मासा आण आणि साफ करायला त्याच्याच हातात दे. तू गप्प बस. तुला जमणार नाही, तरी बस.

लोभ आहेच, पत्रं न लिहून तो पातळ करू नकोस.

मावशी

स्टेट कॉलेज, ३ मार्च

ती. मावशीस, स्वानंदीचा सा. न. वि. वि.

अख्खा मासा मिळवायला दोन बस बदलाव्या लागल्या, पण तू ग्रेट आहेस. कारबाल्येदा साहेबांनी बाह्या सारल्या आणि खवले काढता काढता आपणहून बोलले. जुन्या होड्या मोडीत काढायचा हुकूम होता. गठ्ठ्यातल्या त्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. यादीत थोरल्या भावाची होडी होती. ते कळल्यावर खुर्ची सोडली. भाऊ नऊ वर्षं बोललेला नाही. मग हात धुतले आणि म्हणाले, हे लिहू नकोस.

प्रबंध पंधरा एप्रिलला द्यायचाय. लिहिलं तर पदवी नक्की. आणि बोलले तर आहेतच ना? काय करू?

तुझी बोलणी खायला तयार,
स्वानंदी

फ्रिस्को, १० मार्च

चि. स्वानंदीस, आशीर्वाद.

बोलले तर आहेतच, हे पुन्हा मला लिहू नकोस. आपल्या घरी जेवायला आलेला माणूस होता तो. युक्ती माझी, तेव्हा अर्धं पाप माझं.

त्याला सांग, आधी भावाला फोन कर. मग तू त्याला पुन्हा एकदा विचार, लिहू का म्हणून. नाही म्हणाला तर नाही. पदवी सहा महिन्यांनी मिळाली म्हणून तुझं नाक गळून पडत नाही.

रागावले तरी तुझीच,
मावशी

स्टेट कॉलेज, ८ मे

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

साहेबांनी फोन केला. भाऊ म्हणाला, तू न वाचता सही केलीस हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं, शाळेत तरी कधी काही वाचलंस? राग होडीचा नव्हता, नऊ वर्षांत घरी आला नाहीस त्याचा होता. साहेब ईस्टरला जाऊन आले.

लिहायला त्यांची हरकत राहिली नाही. भावाची होती. माझी होडी कुणाच्या पुस्तकात नको, म्हणाला.

तेव्हा सातव्या प्रकरणात मी लिहिलं की कारण देता येत नाही. काल तोंडी परीक्षेत सर तासभर तेच विचारत होते आणि मी तासभर सांगता येत नाही म्हणत होते. पास केलं, पण शेरा मारलाय: काम अपूर्ण. त्या शेऱ्यावर प्रबंधाचं पुस्तक कुणी छापणार नाही.

शेरा साहेबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याबद्दलही पेपरात हेच दोन शब्द छापून आले होते.

आम्ही दोघंही हसलो नाही.

माया आहे तशीच राहू दे,
स्वानंदी