आठची गोळी

३ मार्च, सोमवार
सासूनं आज परत गोळी सव्वानऊला दिली! घरी मी गजर लावून देते. आठ म्हणजे आठ. आणि ही बाई तपासणीच्या दिवशी ठकीला दवाखान्यात नेते, गोळी रुमालात बांधून, आणि तिथल्या बाकावर बसून आरामात देते. विचारलं तर म्हणाली, "मला शिकवू नकोस. नर्सनं सांगितलंय तसंच करते मी."
कुठली नर्स? मला तर बजावलंय – दहा मिनिटं इकडची तिकडं नकोत. नाहीतर पोरीचं अंग नवी किडनी परकी समजून हाकलायला बघेल.
पाच महिने झाले. किडनी हिची, म्हणून पोरगी पण हिचीच झाली का?

५ मार्च
शेजारीण आली. सासूनं लगेच टाके दाखवले. "आईचं जुळलं नाही हो. आजी होती म्हणून वाचली."
जुळलं नाही हा माझा गुन्हा? पहिला हात मी पुढं केला होता!
ठकी तिच्या मांडीवर. "आजी, तुझी किडनी मला गुदगुल्या करते." दोघी हसत सुटल्या. मी भांडी आपटली.

१७ मार्च
आज मी नेलं ठकीला. सासू चपला घालून तयारच. म्हटलं, "तुम्ही बसा. गुडघे दुखतात ना." तोंड एवढंसं झालं. मागून म्हणते, "अगं, ती गोळी तेवढी–"
"माहीत आहे मला!" दार ओढून घेतलं.
गोळी आठला दिली. साडेनऊला रक्त. सगळं वेळेत. बघा म्हणावं.

१९ मार्च
रक्तात औषध जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला. जास्त कसं? सासूच माझ्या मागं आणखी एक देत असणार. लाड! डबा कपाटात कुलपात ठेवला.

२ एप्रिल
सोमवारी रक्त दिलं होतं. परत जास्त. डोस अजून कमी. किल्ली तर माझ्या गळ्यात आहे.

१० एप्रिल
आज फक्त क्रिएटिनिनसाठी रक्त घेतलं; किडनी नीट चालेना की ते वाढतं. वाढलंच. सहा दशांश होतं, आता एक पॉइंट दोन. दुप्पट. तेवढं गणित मला येतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी बाहेरचं काही देता का? काढा, पावडर?"
डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी आले ती थेट सासूची पिशवी उपसली. तपकिरी पावडर निघाली!
"गुडघ्यांची आहे गं माझ्या. ठकीला कशाला देईन? माझी किडनी आहे तिच्या पोटात."
"ते सांगताच की रोज, येणाऱ्या-जाणाऱ्याला!"
हे मधे उभे. "आई, खरं सांग." ती यांच्याकडं बघतच राहिली. मग उपसलेली पिशवी परत भरायला लागली.

११ एप्रिल
सकाळी हे तिला थोरल्या दिरांकडं सोडून आले. जाताना ठकीचा पापा घ्यायला वाकली. मी ठकीला आत ओढलं. ठकी रडून रडून लाल.
रडू दे. घर मोकळं वाटतंय.

१४ एप्रिल, सोमवार
वॉर्डात बसून लिहितेय. अक्षर लागणार नाही माझं मलाच.
रक्त घेणाऱ्या नर्सनं सहज विचारलं, "सकाळची गोळी दिली नाहीस ना?"
मी ऐटीत म्हटलं, "दिली की! आठला. कधी चुकत नाही."
तिनं सुई खाली ठेवली. "आज दिलीस? मागच्या दोन्ही वेळा पण?"
"हो."
"अगं बाई, तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. नाहीतर नुकतं दिलेलं औषधच रक्तात दिसतं. आकडा फुगतो. आजींना मी नीट समजावलं होतं. त्या का नाही आल्या?"
आकडा फुगला म्हणून डोस कमी केला. दोनदा. पोरीला औषध पुरतच नव्हतं.
मी केलं. मी.
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. तेवढं तरी केलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. ठकीला दाखल करून घेतलं. उद्या किडनीचा तुकडा काढून बघणार.

१६ एप्रिल
रिजेक्शनच आहे, अंग किडनी हाकलायला लागलंय. तीन दिवस सलाईनमधून जोरकस औषध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर कळलं, किडनी वाचेल बहुतेक." बहुतेक!

१७ एप्रिल
हे वॉर्डाबाहेर फोनवर आईला वाट्टेल ते बोलत होते – "तुझ्या पावडरीनं पोरीची किडनी जायची वेळ आली!" मग फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं वळले. "हो ना गं? डॉक्टर तेच म्हणाल्या ना?"
मी हो म्हटलं.