तिसरा घाव

९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर तुझ्याआधी भावजींनी वाचलं असतं. बरी आहेस ना?

माझं दुकान चाललंय. दवाखान्यातल्या सहा खुर्च्यांना नवं रेक्झिन चढवतेय. केसमुळे गिऱ्हाइकं तुटतील असं वाटलं होतं. उलट बायका खुर्ची घेऊन येतात नि हळूच विचारतात, "नक्की कुठे मारलंस गं?"

मंगळवारी कोर्टात माझा जबाब आहे. काल वकीलबाईंनी तीन तास उजळणी घेतली. म्हणाल्या, "स्वसंरक्षण म्हणजे वाट्टेल ते करायचा परवाना नव्हे. धोका त्या क्षणी समोर हवा. कालचा राग चालत नाही, उद्याची भीती चालत नाही. भांडण तुम्ही उकरलेलं नको. आणि घाव धोक्याच्या मापाचा हवा."

"बहिणीसाठी मारलं तर?"

"दुसऱ्याचा जीव वाचवायलाही तोच हक्क आहे. पण तिचा जीव धोक्यात होता, हे सांगणार कोण?"

पोलिसांना तू सांगितलंस, 'मी काही पाहिलं नाही.' पाहणार कशी होतीस? माझ्याकडे राहायला येऊन तुला अकरा दिवस झाले होते. भावजी तुला न्यायला आले, तू नाही म्हणालीस, आणि पुढच्या क्षणी तू दुकानात, कापड कापायच्या टेबलावर उताणी होतीस. गळ्यावर त्यांचे दोन्ही हात. मी ओरडले, त्यांच्या दंडाला लोंबकळले. मग लाकडी हातोडा उचलला. पहिला घाव खांद्यावर. हात सुटले, पण ते कातर घेऊन माझ्यावर धावून आले. दुसरा गुडघ्यावर. ते कोसळले.

वकीलबाईंना कालपर्यंत मी इथवरच सांगितलं होतं.

तुझा निरोप मिळाला. 'त्यांच्या बोटांवर सोफ्याचा सांगाडा पडला असं तू सांग, मी काही पाहिलं नाही म्हणते, दोघी सुटू.'

ताई, सांगाडा पडला नव्हता. कातर दाराशी जाऊन पडली होती. ते विव्हळत होते, तू खोकत का होईना श्वास घेत होतीस. धोका संपलाय, हे मला कळलं होतं. तरी मी हातोडा पुन्हा उचलला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर घातला. तुझ्या लग्नाची बारा वर्षं डोळ्यांपुढे होती. तो घाव बचावाचा नव्हता.

काल हे सांगितल्यावर वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "या घावाला माझ्याकडे ढाल नाही."

"नको ढाल."

"मग आधीच्या दोन घावांना तरी साक्षीदार आणा."

म्हणून लिहिते आहे. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तिसरा घाव पाहिला असशील तर तोही सांग. पण गळ्यावरचे हात सांग. आज आपण खोट्यावर सुटलो, तर उद्या तुझं खरंही कुणी मानणार नाही.

मंगळवारी, अकरा वाजता.

तुझी वाट पाहणारी,
धाकटी

२ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंकडे झोप लागते ना? त्यांनी तुला घरात घेतलं, यातच सगळं आलं.

निकाल वकीलबाईंनी कळवला असेल, तरी माझ्या हातचा वाच. पहिले दोन घाव बचावाचे मानले, तुझ्या साक्षीवरून. तिसऱ्यासाठी मी दोषी. तुरुंग टळला, दोन वर्षं चांगल्या वागणुकीची हमी आणि दरमहा हजेरी. 'दोषी' ऐकताना मान वर ठेवली.

भावजींच्या वकिलांनी तुला विचारलं होतं, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" कठडा घट्ट धरून तू म्हणालीस, "त्या दिवशी मला त्याच घरी परत जायचं होतं. आज जायचं नाहीये." ते खाली बसले. मी मात्र तिथेच रडले, आरोपी असूनही.

आता तक्रार तुझ्या नावाने, तुझ्या सहीने. वकीलबाईंनी सोमवारची वेळ दिली आहे. दहा वाजता मी मोठ्या बाईंच्या दाराशी येते. घाबरलीस तरी चालेल, पण चप्पल घालून तयार राहा.

तिसऱ्या घावाचा पश्चात्ताप अजून पुरता न झालेली,
तुझी धाकटी