हॅबिट आणि कस्टम

कर्जत, ता. ११ जानेवारी १९२४
पळसदरीकरांचा अर्ज परत आला. भाताच्या रोपाची जागा भाजायला, राबासाठी, ऐनाच्या झाडांचा टहाळ तोडू द्यावा, एवढंच मागणं. जंगलखात्याच्या साहेबाचा शेरा एका ओळीचा: असली हॅबिट मोडलेली बरी. हॅबिट हा शब्द माझा. अर्ज मीच इंग्रजीत लिहिला, वर ऐटीत वाचून दाखवला. वासरांत लंगडी गाय शहाणी.

ता. १२
शाळेतून येऊन डिक्शनरी काढली. हॅबिट म्हणजे सवय. कस्टम म्हणजे रीत, वहिवाट. पण त्याखाली पुन्हा सवयही दिलेली. मुलांना दोन्ही एकच म्हणून शिकवत आलो. हेडमास्तरांना विचारावं, तर मी लोकांचे अर्ज लिहितो हे... नको.

ता. १४
अर्जदारांपैकी गोमाजी आले. शेऱ्याचं सांगितलं, माझ्या शब्दाचं नाही. सहज म्हणून विचारलं, सवय आणि रीत यांत फरक काय हो?
"सवय माजी एकल्याची. मी मेलो का गेली. रीत तशी नाय, मास्तर. मी चुकलो तं गाव मला इचारतं."
मग रीतही सांगितली: शेंडा तोडायचा नाही, एका झाडाला लागोपाठ दोन वर्षं हात लावायचा नाही. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ता. १५
नवा अर्ज. कस्टम घातलं, शेंड्याचा नियमही. सुरेख उतरला. मग लक्षात आलं, साहेब म्हणेल, मागे हॅबिट होती, आता एकदम कस्टम कशी? लोक खोटे पडायचे.

ता. १७
गोमाजींना खरं सांगून टाकलं. फार लाज वाटली.
"मंग तसंच लिवा. शबुद मास्तरांचा, गावाचा नाय."
म्हटलं, मी सरकारी नोकर, सही केली तर पोटावर येईल.
"आमच्या आलंच हाय."

ता. १८
लिहिलं. खाली सही केली, हुद्द्यासकट. सौ. म्हणाली, बरं केलंत. मग आत जाऊन घरातले पैसे मोजून ठेवले.

ता. ६ फेब्रु.
उत्तर नाही, त्यांना नाही, मलाही नाही. हेडमास्तर हल्ली माझ्याकडे बघत नाहीत, की मलाच तसं वाटतं. टहाळ तोडायचे दिवस सरत आले. संध्याकाळी गोमाजी आले, ओटीवर टेकले, आणि आधी माझ्या नोकरीचं विचारलं.