माणिकरावांचं नसलेलं चित्र

मी, भुजंग वल्द येडबा, वय अदमासे साठ, धंदा पाट्या रंगवणे व चित्रांच्या नकला करणे, राहणार कसबे सेलू, जिल्हा परभणी, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कान तर गरजेपेक्षा जास्त शाबूत आहेत. असा कागद स्वखुशीने लिहिला म्हणण्याची रीत आहे. मी हा भीतीने लिहीत आहे. म्हणून तो रद्द ठरवू नये, कारण ज्याची भीती आहे त्याची इच्छा मी काहीच लिहू नये अशी आहे.

कलम १. स्टेशन रस्त्यावरचे माझे पत्र्याचे घर, पुढच्या दुकानासह, बायको भिवराबाई हिला पूर्ण मालकीने मिळावे. आमचे घराणे मेंढरे राखणारे. मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करता करता माझा हात बसला. पुढे पूर्ण्याला रेल्वेच्या डब्यांवर आकडे काढले, त्यातून हे घर झाले. यात भावकीचा छदाम नाही. रंगाऱ्याच्या हाताला वास येतो म्हणून जे माझ्या पंगतीतून उठून गेले, त्यांना या घराचा एक खिळाही मिळू नये. (भिवराबाई म्हणते, हे खोडा. खोडत नाही.)

कलम २. माझा देह उचलण्याआधी घरातले टरपेंटाईनचे आणि जवसाच्या तेलाचे डबे उचलावेत. भाचा उमाजी, जो पूर्ण्याला रेल्वेत फिटर आहे, त्याने हे स्वतः करावे. रडणे नंतर. रंग पुसलेल्या चिंध्यासुद्धा घरात राहू नयेत. कारण सांगतो.

पूर्ण्याचा रेल्वेचा गोरा साहेब पोलीस ॲक्शननंतर, निजामाचे राज्य गेल्यावर, गाशा गुंडाळून गेला, तेव्हा एक पुस्तक मला देऊन गेला. विलायतेच्या शहराची थट्टा करणारी जुनी चित्रे त्यात आहेत: झिंगलेले साहेब, भांडणारे वकील, नटव्या बाया, गर्दीतले खिसेकापू. मी कापडावर त्यांच्या नकला करून चहाच्या हॉटेलांना विकल्या. लोक बशी तोंडाला लावून म्हणत, “शहरात बी आपल्यासारखेच गाढव हायत की!” धंदा बरा चालला.

मग ते एक चित्र केले. एक जाडा साहेब दारू पिऊन खुर्चीत पसरला आहे, नोकर त्याच्या खिशात हात घालतो आहे, आणि दारात त्याची बायको गालाला हात लावून उभी आहे. विलायतेचे जुने साहेब डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घालत. सेलूत असला टोप कोणी पाहिलाय? लोकांनी तो कापूस ठरवला. डोक्यात कापूस, पोट एवढे, म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक माणिकराव! हॉटेलात हसणे थांबेना. हॉटेलवाल्याने घाबरून चित्र मला परत केले.

शपथेवर लिहितो: मी मूळ चित्र उलटे टांगतो, चौकोन आखतो आणि एकेक चौकोन उतरवतो. डोके खाली, पाय वर. चेहरा कोणाचा, हे चित्र सुलटे करेपर्यंत मलाही दिसत नाही. लोक हसल्यावर मी नीट पाहिले, तेव्हा मात्र मलाही दिसले. साम्य होते.

माणिकराव स्वतः माझ्या दुकानात येऊन चित्रापुढे उभे राहिले.

“पेंटर, हा कोन?”

“मालक, विलायतेचा हाय. कवाच मेला.”

“बरं झालं मेला,” ते म्हणाले आणि हसले. ते हसणे अजून माझ्या पाठीवर आहे. त्यांना चित्र मागता येत नाही, विकत घेता येत नाही. घेतले तर आपणच ते, असे कबूल होते.

पुढे एका सकाळी सटवाजी न्हाव्याकडे मी तोंडभर साबण लावून, डोळे मिटून बसलो होतो. माणिकरावांचा मुनीम बन्सीधर मागच्या बाकावर येऊन बसला. साबणाखाली कोण आहे हे त्याला कळले नाही.

“त्या पेंटरला खोकला लय झालाय म्हनं,” तो सटवाजीला म्हणाला. “म्हातारा गेला की बाई येकटी. घरात टरपेंटाईन, तेल. ठिणगी कुठून आली, कोन इचारतंय? चित्र बी जाईल, कटकट बी जाईल.”

वस्तरा माझ्या नरड्यावर थांबला. बन्सीधर गेल्यावर सटवाजी हळूच म्हणाला, “मामा, तुमी काईच ऐकलं न्हाई.”

“ऐकलं. आन् तूबी ऐकलंस.”

त्यानंतर भर दुपारी आमच्या मागच्या भिंतीला टेकवलेले, तेलाने भिजलेले एक पोते सापडले. ते आमचे नव्हते.

कलम ३. मी चित्र फाडायला निघालो होतो. भिवराबाईने हात धरला. म्हणाली, “फाडू नका. रस्त्याकडं तोंड करून टांगा. ते दिसतंय तवर घर पेटलं तर कुनी पेटवलं, हे साऱ्या सेलूला कळंल.” अक्षर येत नसलेल्या माझ्या बायकोइतका हुशार वकील मी पाहिला नाही. तरी, माणिकरावांनी लोकांची पर्वाच सोडली तर काय, हा विचार जात नाही. भिवराबाई जिवंत आहे तोवर चित्र दुकानात तसेच राहावे. पुस्तक आणि बकरीच्या कानाच्या केसांचे माझे कुंचले उमाजीला.

कलम ४. साक्षीदारांविषयी. सटवाजी, पुष्कळ विनवण्यांनंतर, तयार झाला. दुसरा मिळेना. एकाचा चष्मा हरवला, एकाचा हात लचकला, एक तर मला पाहून परसाकडे पळाला. काल दुपारी पदराने तोंड झाकून एक बाई ट्रंकेवर नाव घालायला आली. पदर सरला तेव्हा कळले, माणिकरावांची बायको चतुराबाई. ती जाड्या साहेबाकडे बघतच नव्हती, चित्रातल्या दारातल्या बाईकडे बघत होती.

“हिच्या गालाला काय झालंय?”

“बाईसाहेब, सावली हाय.”

“सावली आशी सुजत न्हाई,” ती म्हणाली.

भिवराबाईने तिला पाणी दिले आणि, माझ्या खुणांना न जुमानता, सगळे सांगितले. चतुराबाई म्हणाली, “आना कागद. मला सही येती.”

मी हात जोडले. “बाईसाहेब, त्यांना कळलं तर?”

“काय करतील? जे करायचं ते घरात रोजच करतेत. लिवा, मी कोन ते बी लिवा.”

तेव्हापासून माझी भीती दुप्पट झाली आहे. पूर्वी एका बाईसाठी होती, आता दोघींसाठी आहे.

कलम ५. म्हणून हे पाकीट सीलबंद परभणीच्या रजिस्ट्रार कचेरीत राहील. उमाजीला डब्यांचे आणि हे, सगळे तोंडी सांगितले आहे, तरी इथेही लिहितो: मी मेल्याचे कळताच त्याने आधी चतुराबाईला सोनपेठच्या मोटारीत बसवावे आणि तिच्या वडिलांच्या, आबासाहेबांच्या दारापर्यंत स्वतः पोचवावे. त्यांनी आतून कडी लावल्याचा आवाज ऐकून मगच माघारी फिरावे. मग डबे, मग मी. पाकीट सर्वांत शेवटी फोडावे. मला थोडे थांबावे लागले तरी चालेल.

मुक्काम सेलू, ता. १२ डिसेंबर १९५७

लिहून देणार: भुजंग वल्द येडबा (सही)

आमच्या डोळ्यांसमोर सही झाली:

साक्षीदार १. सटवाजी, न्हावी, राहणार सेलू (अंगठा)

साक्षीदार २. चतुराबाई, आबासाहेबांची लेक, राहणार सोनपेठ (सही)