तिसऱ्या बंदुकीचा विचार

९ ऑक्टोबर १९५४, सकाळ
तिसरी बंदूक घ्यावी की नाही, हे दिवाळीपर्यंत ठरवायचे. घाई करायची नाही. भावना मध्ये आणायची नाही.

घरात सध्या दोन आहेत. एक वडिलांची रायफल. दुसरी भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायची. आलापल्लीचे रिटायर्ड रेंजर दामोदरपंत आपली बाराबोर विकायला काढत आहेत. त्यांना मोतीबिंदू झाला आहे. बंदूक दुनळी, छर्‍याची. रायफल बाळगणाऱ्याला छर्‍याची बंदूक शोभते का, एवढाच प्रश्न.

मुद्दे. रायफल वाघासाठी. भरमार डुकरांसाठी. बाराबोर तितर, ससे आणि जवळून डुक्कर. म्हणजे बाराबोर लागते. पण मग भरमार कशाला? हा मुद्दा उद्या घेऊ.

१० ऑक्टोबर
मुद्दा राहिला. इस्तारी आला होता. जंगलाला लागून त्याच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरे, आहेत. म्हणाला, मालक, डुकरायनं एक बांधी लोळून टाकली. रातभर डबा वाजवून राह्यलो, डबा फुटला पण डुक्कर हटलं नाई. भरमार माह्या नावानं करून द्या जी, तुमी तं वापरत नाई.

त्याला तहसीलवर अर्ज करावा लागेल, आणि त्यावर माझी सही. मालगुजारी जाऊन तीन वर्षे झाली, तरी सहीसाठी लोक येतात. बरे वाटले. त्याला सांगितले, बाराबोर आली की भरमार तुझी. तोवर डुकरांचे मी पाहतो.

‘वापरत नाई’ हे त्याचे म्हणणे खरे नाही. दसऱ्याला दोन्ही बंदुकांना झेंडू वाहिला.

१२ ऑक्टोबर
रायफल घेऊन इस्तारीच्या बांधीवर गेलो. पाचच्या सुमारास डुक्कर बांधीच्या कडेला धुऱ्यावर आले. अंतर वीस पावले. गोळी मोहाच्या झाडाला लागली.

वीस पावले हे रायफलीच्या मानाने फारच जवळ. ती लांबच्या कामाची वस्तू आहे. हा मुद्दा बाराबोरच्या बाजूने धरायचा.

इस्तारी म्हणाला, आवाज मस्त झाला मालक.

खांदा दुखतो आहे. बैठकीतल्या बिबट्याच्या कातड्याकडे आज पाहिले नाही. ते मी मारले असे मी कधीही कोणाला म्हटलेले नाही. लोक समजतात, त्याला मी काय करणार.

१५ ऑक्टोबर
सागाच्या ट्रकमधून आलापल्लीला गेलो. दामोदरपंत ओसरीत बसून बंदुकीला तेल लावत होते. हात चाचपडत होते, पण बंदूक लखलखीत. म्हणाले, रायफलीत नेम माणसाला धरावा लागतो, छर्‍यात तो देव धरतो. गुणवंतराव, तुम्ही हीच घ्या.

माझ्या नेमाविषयी त्यांना कोणी सांगितले, कळत नाही.

आठ दिवसांच्या ट्रायलवर आणली. सोबत सात काडतुसे. लायसन्स त्यांच्या नावावर आहे, पण ट्रायल म्हणजे मालकी नव्हे. कायद्याचा हा बारकावा माझ्या लक्षात आहे.

१६ ऑक्टोबर
काडतुसे कागदाची आहेत. पावसाळ्यात फुगली आहेत. नळीत जात नाहीत. चुलीवरच्या फळीवर सुकायला ठेवली.

बायको रुखमाबाईने पाहिले. अंगणात तीन दगड मांडले आणि तिथे स्वैपाक सुरू केला. मी आत ये म्हणालो. ती म्हणाली, मी अन् चूल बाहेर राहतो, तुम्ही अन् तुमची काडतुसं आत राहा.

बायकांना शास्त्रीय गोष्टींची उगाच भीती असते. मीही जेवण अंगणातच केले. हवा चांगली होती.

१८ ऑक्टोबर
पाच काडतुसे नळीत बसली. उद्या हाका. माणसे जंगलातून ओरडत येतील, डुकरे पुढे निघतील, मी नाल्याच्या तोंडाशी उभा. इस्तारीची दुसरी बांधीही गेली. उद्या त्याचा प्रश्न कायमचा मिटवायचा. त्यानंतर भरमारीची त्याला गरजच उरणार नाही.

१९ ऑक्टोबर, दुपार
हाका यशस्वी. एक डुकरीण मिळाली.

तपशील. मी नाल्यापाशी उभा होतो. झुडूप हलले. दोन्ही नळ्या झाडल्या. त्यानंतर वारलू ओरडला. तो हाक्याच्या रांगेत होता, पण रांग सोडून पुढे आला होता. हे त्याने करायला नको होते. त्याच्या पोटरीतून रक्त येत होते. तो खाली बसला आणि मला म्हणाला, काटा रुतला जी मालक. बोरीचा.

तिथे बोर नाही. सगळा साग आहे.

मी म्हणालो, जपून चालावे.

आवाजाने डुकरे उलटी फिरली आणि रांग फोडून पळाली. चैतूच्या कुत्र्यांनी एक डुकरीण धरली आणि इस्तारीने कुऱ्हाडीने मारली. बाकीचा कळप सुटला. बाराबोरविषयी मत: आवाज कमी, खांद्याला त्रास नाही, छर्रे चांगले पसरतात.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
पंचांनी पाठवलेला नथ्थू टोपलीत डुकरिणीचे डोके घेऊन आला. हाक्यातला जुना रिवाज आहे. ज्याच्या हत्याराने पहिले रक्त निघते, त्याला डोके आणि मान. मी म्हणालो, मारली तर इस्तारीने. नथ्थू म्हणाला, पंचायनं बसून ठरवलं मालक. पयलं रगत तुमच्याच बंदुकीनं काढलं. सारे एकमतानं बोलले.

गाव कृतघ्न नाही. एखादा छर्रा तिला लागला असणार. पंचांच्या नजरेतून असे सुटत नाही.

२० ऑक्टोबर
रुखमाबाई डोके साफ करताना म्हणाली, यात छर्रा नाई. मानेतही नाई.

मी म्हणालो, छर्रा पोटात असेल, पोट त्यांच्या वाट्यात गेले. तिने माझ्याकडे पाहिले. मग हळद आणि सुई घेऊन बाहेर गेली. कुठे गेली ते मी विचारले नाही.

तासाने आली. डोके शिजवून वाढले, आणि जेवणानंतर चहाच्या कपाशेजारी एक वाटी ठेवली. वाटीत पाच छर्रे.

पयलं रगत.

मला काल संध्याकाळीच कळायला हवे होते. डोके तोपर्यंत खाऊन झाले होते.

२१ ऑक्टोबर
वारलूच्या घरी जायला निघालो. त्याची बायको बुधरी अंगण सारवत होती. ओल्या अंगणात पाय टाकणे बरे दिसले नसते. परत आलो.

विहिरीवर बायका हसत होत्या. मला पाहून थांबल्या. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

वारलूने पोलीस पाटलालाही काटाच सांगितला. वारलूला पूर्ण कल्पना आहे की बंदूक माझ्या लायसन्सवर नव्हती. काटा सांग असे मी त्याला म्हटले नव्हते. त्याने हे माझ्यासाठी का केले, याचा विचार करू नये असे ठरवले आहे.

२३ ऑक्टोबर
बाराबोर दामोदरपंतांना परत दिली. त्यांनी विचारले, देवानं नेम धरला का? मी म्हणालो, धरला.

२४ ऑक्टोबर
इस्तारी पुन्हा आला. या वेळी बसला नाही. म्हणाला, तिसऱ्या बांधीत शिरली जी डुकरं. एकच उरली. सही करता का?

मी म्हणालो, बाराबोरीचा निर्णय झाला की लगेच. तो म्हणाला, तुमच्या बाराबोरीत अन् माह्या धानात काय सोयरिक हाय मालक?

दिवाळीनंतर ये म्हणालो.

रुखमाबाई आतून म्हणाली, देऊन टाका त्याले. मी म्हणालो, शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणे जबाबदारीचे काम आहे. कायदा पाहावा लागतो. इस्तारीने त्याच भरमारीने पहिल्या आठवड्यात डुक्कर पाडले, तर माझे गावात काय राहील?

कायद्याचे काय राहील, असे लिहायचे होते.

२९ ऑक्टोबर
दिवाळी झाली. निर्णय झाला नाही. पाडव्याला काही ठरवू नये. अर्ज टेबलावर आहे. शाई वाळलेली आहे, मागवायला हवी.

२ नोव्हेंबर
शाई आली. आज डोके दुखते.

७ नोव्हेंबर
सकाळी उठलो आणि सही केली. फारसा वेळ लागला नाही. दोन अक्षरे आणि एक रेघ. दामोदरपंतांना कार्ड लिहिले की बाराबोर नको. घरात जे आहे त्याचेच मला काही करता येत नाही.

भरमार पुसली, अर्ज खिशात घातला, आणि स्वतः इस्तारीच्या घरी गेलो. त्याच्याच हातात द्यायची होती. वाटेत एक-दोन वाक्ये तयार केली होती.

इस्तारी नव्हता. त्याची बायको कुंता ओट्यावर बसून सुपात धान पाखडत होती. ती म्हणाली, ते चार दिवस झाले, आलापल्लीले साग तोडायले गेले ठेकेदारासंगं. आता होळीलेच येतील. मी म्हणालो, भरमार आणली आहे, सही पण केली आहे. तिने बंदुकीकडे पाहिले, मग सुपाकडे.

म्हणाली, आता काऊन आणली जी? डुकरंही येऊन नाई राह्यले आता. त्यायले खायले काय उरलं?

चार बांध्यांचे धान त्या सुपात होते. ती वर न पाहता पाखडत राहिली. मी तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही तिथे लागू पडत नव्हते.

भरमार खांद्यावर टाकून परत निघालो. वाटेत गावातला डोमा भेटला. म्हणाला, शिकारीले निघाले का मालक?

हो म्हणालो.

रस्त्याकडेला चरणारी आपली शेळी त्याने दाव्याने जवळ ओढली, आणि मी दिसेनासा होईपर्यंत तिला धरून उभा राहिला.